छोटी लाईन आणि सहा तारा

जबलपूरहून गोंदियाला जाणारी छोटी लाईन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा ठेका वेगळा सांगायला नको. आमचं मूळ गाव गोंदियाकडचं. दर उन्हाळ्यात आई आम्हा भावंडांना घेऊन हवाबागच्या स्टेशनवर त्या इवल्याशा गाडीत बसायची. डबा डुलायचा, खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत जायचे आणि रुळांवरून एकच ताल ऐकू यायचा, एक जड आणि एक हलका. आता तिथे ब्रॉडगेज झाली, गाड्या सुसाट जातात. तो ठेका मात्र माझ्या कानातून कधी गेला नाही.

हाच ठेका गिटारवरही वाजतो, हे मला सतराव्या वर्षी कळलं.

१९७६ साली आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन गृहस्थ राहायचे. ते रेल्वेत गार्ड होते. जबलपूर मुळातच रेल्वेचं गाव. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला, तो इथेच. त्यामुळे इथे अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती आणि त्यांच्या घरी जिम रीव्हज हमखास ऐकू यायचा. अमेरिकेतला हा मऊ आवाजाचा गायक १९६४ मध्येच विमान अपघातात गेला होता, पण रेडिओ आणि तबकड्यांमुळे आपल्याकडे तो कितीतरी वर्षं जिवंत राहिला.

संध्याकाळी अंकल व्हरांड्यात गिटार घेऊन बसले की मी कुंपणाशी जाऊन उभा राहायचो. एक दिवस त्यांनी आत बोलावलं आणि गिटार माझ्या हातात दिली. मी लगेच एका हिंदी सिनेमातल्या गाण्याची सुरावट शोधू लागलो. ते हसून म्हणाले, "बेटा, पहले अंगूठा ठीक कर. गाना कहीं भागा नहीं जा रहा."

मला वाटलं, म्हातारे आहेत, सांगायचं म्हणून सांगतात. अंगठा काय शिकायचा? तीन वर्षांनी ते कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला निघून गेले. जाताना गिटार मला देऊन गेले. मी ती वाजवत राहिलो, पण आपल्याच पद्धतीने. गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळायच्या, लग्नाच्या वरातीत मित्र आग्रह करायचे. पुढे नोकरी लागली, संसार झाला आणि गिटार कपाटावर गेली. अधूनमधून खाली काढून जिम रीव्हज वाजवून बघायचो. सूर बरोबर यायचे, तरी ते गाणं वाटायचं नाही. काहीतरी कमी पडायचं. काय, ते कळत नव्हतं.

गाडीवरचा माणूस आणि डोंगरातली मुलगी

निवृत्तीनंतर नातवाने मोबाईलवर जुनी रेकॉर्डिंग शोधून दिली आणि मी कंट्री संगीताच्या मुळाशी गेलो. १९२७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर नावाच्या माणसाने आसपासच्या गायकांना बोलावून ध्वनिमुद्रण केलं. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. त्याच आठवड्यात तिथे दोन नावं पुढे आली. एक जिमी रॉजर्स. तो रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयामुळे रेल्वेची नोकरी सुटली, म्हणून तो गाण्याकडे वळला. १९३३ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या ध्वनिमुद्रणात दोन गाण्यांच्या मध्ये त्याला खाटेवर पडून विश्रांती घ्यावी लागत होती.

दुसरं नाव कार्टर कुटुंबाचं. त्यांच्यातली मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिला दिवस गेलेले होते. ती अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची सुरावट वाजवायची आणि त्याच वेळी बोटाने बारीक तारांवर ठेका धरायची. एकच बाई, पण ऐकताना दोन वादक वाटावेत. तिची ही पद्धत पुढे असंख्य गिटारवाल्यांनी उचलली.

ते ऐकलं आणि अंकलचा अंगठा मला चाळीस वर्षांनी समजला. मी आयुष्यभर सुरामागे धावलो होतो. ज्याच्यावर गाणं उभं राहतं, तो जड-हलका ठेका मी कधी शिकलोच नव्हतो.

वीस मिनिटं, रोज

साठीत नव्याने शिकणं सोपं नाही. सकाळी बोटं आखडलेली असतात. पहिला महिना तर रडकुंडीला आलो, कारण जुनी सवय मोडणं हे नवं शिकण्याहून कठीण असतं. मग मी तीन गोष्टी केल्या. दुकानातून तारा फ्रेटच्या जवळ आणून घेतल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. मोबाईलवर मेट्रोनोम लावून मिनिटाला साठ ठोके, इतक्या संथ गतीने सुरुवात केली. आणि रोज फक्त वीस मिनिटं बसलो, दुखेपर्यंत कधीच नाही. कंट्रीतली पुष्कळ गाणी जी, सी आणि डी या तीन कॉर्डांवर बसतात, त्यामुळे डाव्या हाताला फार पळावं लागत नाही. सगळी परीक्षा उजव्या हाताच्या अंगठ्याची.

एक गंमत नातवंडांना फार आवडली. जॉनी कॅशकडे ड्रम वाजवणारा नव्हता, तेव्हा १९५६ च्या 'आय वॉक द लाइन' या गाण्यासाठी त्याने गिटारच्या तारांत कागद अडकवला होता. आम्हीही वहीचा कागद घडी करून तारांत ओवला. खरंच, ड्रमसारखी खरखर आली आणि घरात अख्खी गाडी धावू लागली.

हे संगीत आपलं नाही, असं कुणी म्हणतं तेव्हा मी देहरादूनच्या बॉबी कॅशचं नाव सांगतो. या भारतीय गायकाने २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या कंट्री महोत्सवात गाऊन तिथल्या लोकांना जिंकलं होतं.

जात्याचा फेरा

पण माझी खरी परीक्षा घरातच झाली. माझी आई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. कमी ऐकू येतं, दिवसाचा बराच वेळ ती गप्प बसून असते. बाबा गेल्यापासून तर जास्तच. लहानपणी गोंदियाकडच्या घरी ती पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, ते मला आठवत होतं. एका दुपारी तिच्या खाटेजवळ बसून मी मेबेलच्या पद्धतीने, जाड तारांवर अंगठ्याने, त्याच ओवीची चाल वाजवून पाहिली. जड, हलका. जड, हलका.

आईने मान वळवली. थोड्या वेळाने तिचे ओठ हलू लागले. आवाज फाटका होता, पण ती म्हणत होती. मला भरून आलं आणि माझा हात मध्येच थांबला.

"थांबलास का?" ती म्हणाली. "ओळ संपली तरी जातं थांबत नाही. फेरा पुरा होऊ दे, मग पुढची ओवी आपोआप येते."

अंकलने जे सांगितलं होतं, तेच आई सांगत होती. तिने आयुष्यात कधी गिटारला हात लावलेला नाही.

आता रोज दुपारी चारला आमची मैफल असते. मी अजूनही चुकतो. चुकलो की आई खाटेच्या लाकडावर बोटाने ठेका धरते आणि मी त्या ठेक्यावर परत येतो.