सिग्नल पूर्ण, पण पान उघडत नाही!

मुंबई, प्रतिनिधी : रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा प्रवासी पिशवीतून लॅपटॉप काढतो आणि वाय-फाय सुरू करतो. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, जोडणी झाल्याचा निर्देशही येतो. तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. यंत्रातच काहीतरी बिघाड असावा, असा समज करून घेऊन अनेक जण लॅपटॉप मिटून ठेवतात. प्रत्यक्षात त्या रेघा एवढेच सांगत असतात, की लॅपटॉप आणि फलाटाच्या छताला टांगलेला राउटर यांच्यातील रेडिओ संपर्क चांगला आहे. राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही आणि असल्यास ते या प्रवाशाला द्यायचे की नाही, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर भारतात मोबाइल क्रमांकाशी बांधले गेले आहे आणि तसे का झाले याची मुळे नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत जातात.

वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, हा समज दूर होण्यासाठी एसटीचे उदाहरण पुरेसे आहे. महामंडळाच्या गाड्यांत काही वर्षे वाय-फायची सोय होती. पण तिच्यातून गाडीतल्याच यंत्रात साठवलेले चित्रपट आणि मालिका पाहता येत असत, टपाल पाठवता येत नसे. वाय-फाय होते, इंटरनेट नव्हते.

प्रवासात लॅपटॉप बाळगण्याची कल्पना सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली ती २००७ च्या अखेरीस. तैवानच्या असूस कंपनीने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'ई पीसी' हा छोटा संगणक बाजारात आणला. सात इंची पडदा, सुमारे ९२० ग्रॅम वजन आणि साठवणुकीसाठी फिरत्या चकतीच्या जागी अवघी ४ गीगाबाइटची चिप. एवढ्या जागेत फारसे काही मावत नाही, हे निर्मात्यांनाही ठाऊक होते. टपाल, कागदपत्रे, छायाचित्रे सारे इंटरनेटवर राहील आणि हातातले यंत्र हे केवळ तिकडे जाण्याचे दार असेल, असा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या शाळेत सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राला बिनतारी जोडणीसाठी दोन बाजूंना कानांसारखे अँटेना होते. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला संदेश पुढे देऊ शकत असे. मात्र शेजारच्या मुलाशी जोडले जाणे आणि जगाशी जोडले जाणे यांतले अंतर तिथेही कायम होते.

'नेटबुक' या नावाने ओळखले जाणारे हे छोटे लॅपटॉप पाच-सहा वर्षांतच मागे पडले. २०१० मध्ये आयपॅड आला, मोबाइलचे पडदे मोठे झाले आणि २०१३ च्या सुमारास प्रमुख कंपन्यांनी नेटबुकची निर्मिती थांबवली. त्यांचा दाटीवाटीचा कळफलक आणि मंद गती पाहता फारशी हळहळ वाटण्याचे कारणही नाही. कल्पना मात्र टिकली. २०११ मध्ये आलेली क्रोमबुक आणि आज बाजारात असलेले एक-सव्वा किलोचे लॅपटॉप हे तिचेच वारसदार आहेत. ज्याला प्रवासात चार पानांचा मजकूर लिहायचा आहे किंवा हिशेबाचा तक्ता तपासायचा आहे, त्याचे काम मोबाइलच्या काचेवर बोटे आपटून होत नाही, हेही तितकेच खरे.

सानपाड्याची सदनिका आणि ओटीपी

भारतात वाय-फाय ज्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात चालते, तो पट्टा जानेवारी २००५ मध्ये घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त करण्यात आला. त्यानंतर कार्यालये, महाविद्यालये, उपाहारगृहे आणि घरांमध्ये वाय-फाय झपाट्याने पसरले. बहुतेक ठिकाणी पासवर्ड नसे. शेजाऱ्याचे इंटरनेट वापरणे ही तेव्हा थट्टेची बाब होती.

२६ जुलै २००८ रोजी ती थट्टा राहिली नाही. अहमदाबादमध्ये त्या दिवशी साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे पोहोचले, तेव्हा ती जोडणी एका अमेरिकी नागरिकाच्या घरातील निघाली. त्याच्या वाय-फायला संरक्षण नव्हते आणि दुसऱ्याच कोणीतरी त्याचा वापर करून घेतला होता. पुढच्या दोन महिन्यांत असेच ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले.

याचा परिणाम म्हणून केंद्रीय दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय वापरणारा कोण, याची नोंद असलीच पाहिजे, हे त्यांचे सार. त्यासाठी दोन मार्ग देण्यात आले : छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा वापरकर्त्याच्या मोबाइलवर एसएमएसने सांकेतिक शब्द पाठवून तो क्रमांकच ओळख म्हणून जपून ठेवावा. फलाटावर ओळखपत्रांच्या झेरॉक्स घेत कोण बसणार? साहजिकच दुसरा मार्ग रूढ झाला. आज विमानतळावर, रेल्वे स्थानकात किंवा कॉफीच्या दुकानात जो ओटीपी मागितला जातो, त्याचे मूळ हे आहे.

या व्यवस्थेची झळ बसते ती परदेशातून येणाऱ्यांना. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणारा मुलगा सुटीत घरी येतो, विमानतळावर उतरल्यावर गाडी बोलावण्यासाठी वाय-फाय शोधतो आणि त्याच्या परदेशी क्रमांकावर ओटीपी येतच नाही. प्रवासासाठी ऑनलाइन विकत घेतलेल्या अनेक ई-सिममध्ये केवळ डेटा असतो, मोबाइल क्रमांक नसतो. अशा सिमवर एसएमएस येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुने भारतीय सिम चालू ठेवणे किंवा निघण्यापूर्वीच आपल्या परदेशी कंपनीची रोमिंग सेवा सुरू करून घेणे, हे दोन उपाय खात्रीचे आहेत. काही विमानतळांवर पासपोर्ट दाखवून वाय-फायचा सांकेतिक शब्द मिळतो, पण त्यासाठीचा कक्ष कोणत्या कोपऱ्यात आहे हे विचारत फिरावे लागते.

दारावरचे पान का येत नाही?

ओटीपी मागणारे पान हे वाय-फायचे दार असते. पद्धत अशी : नवा लॅपटॉप जोडला गेला, की राउटर त्याची पहिली मागणी मध्येच अडवतो आणि मागितलेल्या संकेतस्थळाऐवजी स्वतःचे पान पुढे करतो. साधे 'एचटीटीपी' संकेतस्थळ असेल तर हे बिनबोभाट घडते. पण आता बहुतेक संकेतस्थळे 'एचटीटीपीएस' पद्धतीची आहेत. त्यांत समोरचे संकेतस्थळ खरोखर तेच आहे का, याची ब्राउझर आधी खातरजमा करतो. राउटरने मध्येच दिलेले उत्तर त्याला तोतयाचे वाटते आणि तो ते नाकारतो. ब्राउझर त्याच्या जागी बरोबर असतो. प्रवाशाला मात्र पांढरे पान किंवा धोक्याची सूचना दिसते.

उपाय सोपा आहे. एखादे साधे 'एचटीटीपी' संकेतस्थळ मुद्दाम उघडावे. 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' हे संकेतस्थळ याच कामासाठी चालवले जाते. तरीही पान आले नाही, तर लॅपटॉपमधील व्हीपीएन तात्पुरते बंद करून पाहावे. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा आपोआप सुरू होते आणि दाराचे पान दिसण्याआधीच सगळी वाहतूक स्वतःकडे वळवू पाहते. दार उघडलेले नाही म्हणून व्हीपीएन चालत नाही, आणि व्हीपीएन चालू आहे म्हणून दार उघडत नाही!

स्थानकात आहे, गाडीत नाही

रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथून झाली. रेलटेल या सरकारी कंपनीने गुगलच्या साह्याने जून २०१८ पर्यंत ४०० स्थानके जोडली. स्वस्त मोबाइल डेटामुळे गरज उरली नसल्याचे सांगून गुगलने २०२० मध्ये माघार घेतली. रेलटेलने मात्र काम पुढे चालू ठेवले आणि स्थानकांची संख्या ६ हजारांच्या वर नेली. वाय-फायच्या यादीत 'रेलवायर' हे नाव निवडून मोबाइल क्रमांक दिला, की सेवा सुरू होते. २०२१ मध्ये सशुल्क योजना आणताना दिवसातील पहिला अर्धा तास मोफत ठेवण्यात आला होता.

स्थानकांना हे जमले, कारण रेल्वेमार्गालगत रेलटेलची ऑप्टिकल फायबर तार आधीपासूनच टाकलेली होती. धावत्या गाडीला तार जोडता येत नाही. हावडा राजधानीत २०१३ मध्ये उपग्रहाद्वारे वाय-फायचा प्रयोग झाला, पण तो खर्चाच्या मानाने परवडणारा नसल्याने ही योजना सोडून दिल्याचे रेल्वेमंत्र्यांनी २०२१ मध्ये संसदेत सांगितले. विमानात मात्र चित्र थोडे बदलले आहे. एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत मार्गांवरील काही विमानांत वाय-फाय सुरू केले.

गाडीत उरतो तो स्वतःचा मोबाइल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर कोसळले आणि मोबाइलचा हॉटस्पॉट करून लॅपटॉपला इंटरनेट देणे ही नित्याची गोष्ट झाली. त्यातही काही बारकावे आहेत. वातानुकूलित डब्याचा धातूचा पत्रा आणि खिडकीची काच टॉवरकडून येणारा सिग्नल क्षीण करतात. म्हणून मोबाइल खिशात न ठेवता खिडकीशी ठेवावा. डब्यातले दहा-वीस हॉटस्पॉट एकाच २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात चालत असतील, तर ते एकमेकांत अडथळा आणतात. मोबाइलमध्ये ५ गीगाहर्ट्झचा पर्याय असल्यास तो घ्यावा; त्याचा पल्ला कमी, पण आसनापुरता पुरेसा. याहून उत्तम म्हणजे चार्जिंगच्या केबलनेच मोबाइल लॅपटॉपला जोडून इंटरनेट घेणे. त्यात अडथळा नाही आणि मोबाइल चार्जही होत राहतो. मोबाइलचे इंटरनेट घरच्यासारखे अमर्याद नाही, हे लॅपटॉपला ठाऊक नसते. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' ठरवले नाही, तर काही गीगाबाइटचे अपडेट उतरवून तो दिवसाचा डेटा तासाभरात संपवू शकतो.

कोकण रेल्वेच्या प्रवाशाला हे सारे करूनही डोंगर आडवे येतात. रत्नागिरीच्या अलीकडील करबुडे बोगदाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यामुळे फाइली आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवाव्यात आणि जोडणी नसतानाही लिहिता येईल असाच प्रोग्राम वापरावा.

फुकटच्या वाय-फायचा धोका किती?

ऑक्टोबर २०१० मध्ये 'फायरशीप' नावाचा एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध झाला. कॉफीच्या दुकानात बसून तो चालवला, की त्याच वाय-फायवर असलेल्या इतरांच्या फेसबुकसारख्या खात्यांत शिरता येत असे. त्यामागील संगणकतज्ज्ञाचा हेतू संकेतस्थळांना जागे करण्याचा होता आणि तो बराचसा सफल झाला. आज बँका आणि ई-मेल सेवांची सगळी वाहतूक कूटबद्ध असते. त्यामुळे 'सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे नावही काढू नका' हा जुना इशारा आता काहीसा अतिरंजित आहे.

धोका सरकला आहे तो दाराच्या पानाकडे. विमानतळाच्या वाय-फायचेच नाव देऊन कोणीही स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करू शकतो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एका इसमावर असाच आरोप ठेवला : त्याने विमानतळांवर आणि विमानांत खोटे हॉटस्पॉट उभारून प्रवाशांना ई-मेल किंवा समाजमाध्यमांच्या खात्याचा पासवर्ड देण्यास भाग पाडले. वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागितला जाणे समजण्यासारखे आहे. पण ई-मेलचा पासवर्ड, कार्डाचा पिन किंवा एखादे ॲप उतरवून घेण्याची अट दिसली, तर तिथूनच मागे फिरावे. आलेला ओटीपी वाय-फायचाच आहे की बँकेचा, हे संदेश पूर्ण वाचल्याशिवाय टाकू नये. काम संपल्यावर त्या वाय-फायचे नाव लॅपटॉपच्या यादीतून काढून टाकावे. अन्यथा पुढच्या वेळी त्याच नावाच्या कोणत्याही हॉटस्पॉटला तो आपणहून जोडला जाण्याची शक्यता राहते.

राहता राहिली वीज. रेल्वेच्या अनेक डब्यांत चार्जिंगच्या सॉकेटला ११० व्होल्ट वीज असते. लॅपटॉपच्या ॲडाप्टरवर '१०० ते २४०' असे छापलेले असल्यास तो तिथे निर्धोक चालतो. आगीच्या घटना टाळण्यासाठी पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत ही सॉकेट बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. रात्रीच्या गाडीत काम करायचे असेल, तर बॅटरी अकराच्या आत भरून घेतलेली बरी. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला अडचण येत नाही. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हा आकडा बॅटरीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेला असतो.