रातांब्याच्या बीतलं मुठेल

बसा रे पोरांनो, आज रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची गोष्ट. वैशाखात रातांबे लालभडक पिकले की सालींची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि मागे उरतात बिया. पण त्या फेकायच्या नाहीत हं! कोवळ्या रोपाला पहिल्या दिवसांत खायला लागेल म्हणून झाडानं तिथं तेल साठवलेलं असतं. बीच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा!

कोकणातल्या बायका बिया कडकडीत वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगणारं तेल काढून निवलं, की मुठीत दाबून गोळे वळतात. तेच मुठेल.

आता गंमत बघा. खोबरेल मे महिन्यात पाण्यासारखं होतं, मुठेल मात्र दगडासारखं घट्ट. असं का? त्याच्या बहुतेक रेणूंत दोन्ही टोकांना स्टिअरिक आम्ल आणि मधोमध ओलेइक. असे सारखे रेणू एकमेकांना चिकटून बसतात, ते सुटायला सुमारे 40 अंश सेल्सिअस लागतात. कोकोच्या लोण्याची घडणही अशीच. म्हणून तर युरोपीय संघानं 2000 साली चॉकलेटात घालायला ज्या मोजक्या सहा वनस्पती-स्निग्धांना मुभा दिली, त्यांत आपलं कोकम आहे!

हेच घट्टपण टाचेच्या कामी येतं. कातडीच्या वरच्या थरात मेलेल्या पेशी चिऱ्यांच्या भिंतीसारख्या रचलेल्या असतात, मध्ये स्निग्धांचा चुना. थंडीत तो झडतो, आतलं पाणी उडतं, भेगा पडतात. मुठेल त्या फटींत बसून पाणी अडवतं. मात्र ते स्वतः ओलावा देत नाही, म्हणून पाय धुऊन, टिपून, किंचित दमट असतानाच चोळायचं. वितळवून लावायचं तर कोमट होऊ द्यायचं. काहीजण उकळता थेंब थेट भेगेत सोडतात, तो निव्वळ अघोरीपणा.

मुठेल लवकर खवटत नाही, पण घरगुती गोळ्यात पाणी राहिलं तर बिघडतं. वास बदलला की टाकून द्या. झाडाचं आहे म्हणून कुणाला बाधणारच नाही, असंही नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा. लाली आली, खाज सुटली तर नको. आणि भेगेतून रक्त येत असेल किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या पायांना आधी डॉक्टर, मग मुठेल.