ऐंशी तासांचं सरकार : शपथ झाली, पण बहुमत कुठे होतं?

आपल्या जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून जास्त काळ सलग मुख्यमंत्री होते. त्याच पदावर २०१९ मध्ये एक सरकार आलं आणि ऐंशी तासांत गेलंही. वर्गात राज्यघटना शिकवताना मुलं आम्हाला हमखास विचारतात, "सर, बहुमतच नव्हतं तर शपथ झाली कशी?" सवाल वाजवी आहे. पालकांनाही तो पडतो.

निकाल २४ ऑक्टोबरला लागला. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५ हवेत. युती फिस्कटली, कुणाचंच जमेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २२ तारखेच्या रात्री उद्धव ठाकरेंचं नाव ठरल्याची बातमी ऐकून आपण झोपलो. फजरच्या सुमारास, पहाटे ५.४७ ला, राजवट उठली आणि आठच्या आसपास देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री झाले!

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्यापुढे राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी होती. १०५ आणि ५४ म्हणजे १५९. कागदावर हिशोब चोख. पण शरद पवारांनी हा पक्षाचा निर्णय नाही असं जाहीर केलं, आणि हिशोब कागदावरच राहिला.

आता कायद्याचं बघू. कलम १६४ प्रमाणे मुख्यमंत्री नेमतात राज्यपाल, पण मंत्रिमंडळ जबाबदार असतं विधानसभेला. शपथेआधी मतदान घ्या, असं घटनेत कुठेच नाही. म्हणून अल्पमतातलं सरकार आपोआप बेकायदा ठरत नाही. २०१४ मध्ये भाजपचं सरकार १२२ आमदारांवरच उभं राहिलं, आवाजी मतदानाने तरलं आणि पुढे शिवसेना सोबत आल्यावर पाच वर्षं टिकलं. खरी गोम वेळेची आहे. सभागृहात जायला जितके दिवस मिळतील तितकी आमदार फुटायची भीती, आणि तुम्ही आम्ही रांगेत उभं राहून दिलेलं मत भलतीकडेच जातं.

बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहातच मोजायचं, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या बोम्मई निकालात सांगून ठेवलंय. त्याच धाग्यावर कोर्टाने २६ नोव्हेंबरला, नेमकं संविधान दिनी, आदेश दिला: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्या, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. मत उघड द्यायचं म्हटल्यावर लपायला जागाच उरली नाही. त्याच दुपारी आधी अजित पवारांनी, मग फडणवीसांनी राजीनामा दिला. कर्नाटकात २०१८ मध्ये येडियुरप्पांनीही मतदानाआधीच खुर्ची सोडली होती.

ठाकरे सरकारची चाचणी ३० नोव्हेंबरला झाली. शिरगणतीत १६९ बाजूने, विरोधात शून्य. मुलं इथेही अडतात: भाजपचे १०५ गेले कुठे? ते सभात्याग करून बाहेर पडले होते, आणि मोजणी हजर राहून मत देणाऱ्यांचीच होते. चौघे तटस्थ राहिले. त्यात मालेगाव आणि धुळ्याचे एमआयएमचे दोन आमदार होते.