एका थेंबातले रेणू, काही तासांची मुदत

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या ३६ टक्के द्रावणाचा एक थेंब घ्या. त्यात साधारण १८ मिलिग्रॅम विष असते. रेणू मोजायचे तर ५ वर १९ शून्ये. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी आहेत. सारखी वाटणी केली तर प्रत्येकीच्या वाट्याला १३ लाख रेणू येतात. कपाशीच्या फवारणीसाठी पंपात औषध ओतताना हातावर असे कितीतरी थेंब उडतात. ते सगळे कातडीतून आत शिरत नाहीत, पण तशी गरजही नसते.

या विषाचा मुख्य घाव एकाच विकरावर बसतो: अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलिन सोडून स्नायूला आखडायला सांगतो आणि हे विकर ते लगेच तोडते, म्हणून स्नायू सैल पडतो. विकराचा एक रेणू सेकंदाला दहा हजारांहून अधिक अ‍ॅसिटिलकोलिन तोडू शकतो. हे सारे घडते जेमतेम दोन नॅनोमीटर खोल घळीच्या तळाशी, सेरिन नावाच्या एकाच अमिनो आम्लापाशी. विष नेमके तिथे चिकटते. एक विकर तासभर अडकले, की साडेतीन कोटींहून अधिक रेणू तोडण्याची त्याची ताकद वाया जाते. मग लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि शेवटी अडकलेला श्वास.

मला सर्वांत भयंकर वाटतो तो वेळेचा हिशोब. चिकटलेले विष सोडवायला पॅमचे इंजेक्शन असते. पण मोनोक्रोटोफॉसच्या गटातल्या विषांनी जखडलेल्या विकरांपैकी निम्मी पावणेचार तासांच्या आसपास कायमची निकामी होतात; मग पॅमचाही उपयोग नाही. शेत, गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय, हा सगळा प्रवास तेवढ्यात व्हायला हवा. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळी वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसही होते.

जो वाचतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवरचे निकामी विकर दुरुस्त होत नाही. नव्या पेशी येतील तसे ते दिवसाला जेमतेम एक टक्का भरून निघते. मजूर मात्र दोन-चार दिवसांत पुन्हा पंप पाठीवर घेतो. कॅलिफोर्नियात अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्तातले हे विकर तपासण्याचा नियम १९७४पासून आहे. प्रमाण फार घसरले की त्यांना फवारणीपासून दूर ठेवतात. विदर्भातल्या फवारणी मजुरांनाही हंगामाआधी ही तपासणी मिळालीच पाहिजे.