शेंगदाणा लवकर भरवा, असे डॉक्टर का म्हणू लागले?

दूध, अंडी, मासे, शेंगदाणे यांतील प्रथिने मानवी शरीराला सर्वस्वी परकी असतात. तीच प्रथिने सुईवाटे टोचली, तर प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. जेवणातून पोटात गेली, की मात्र ती बहुधा शांत राहते. ही यंत्रणेची गाफिली नव्हे. शत्रू आणि अन्न यांतला फरक ओळखून तिने घेतलेला तो निर्णय असतो. या गुणाला 'मौखिक सहनशीलता' म्हणतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ एच. गिडियन वेल्स यांनी १९११ मध्ये गिनीपिगांवर प्रयोग करून तो दाखवून दिला. अंड्यातील प्रथिने आधी खाऊ घातलेल्या प्राण्यांना नंतर तीच टोचली असता जीवघेणी ॲलर्जी उद्भवली नाही.

आतड्याच्या अस्तराखाली पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी अन्नातील प्रथिनांचे अंश उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात. तेथे 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनोइक आम्ल आणि टीजीएफ-बीटा हे प्रथिन यांच्या प्रभावाखाली काही टी-पेशी हल्लेखोर न बनता 'नियंत्रक' बनतात व इतरांना आवर घालतात. या नियंत्रक पेशींशी संबंधित संशोधनासाठीच मेरी ब्रंकॉव, फ्रेड राम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग पोलिओचे दोन थेंब तोंडावाटेच देऊनही प्रतिकारशक्ती कशी निर्माण होते? त्या लशीत दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो आणि धोक्याची घंटा वाजते. निव्वळ प्रथिन खाल्ल्याने ती वाजत नाही.

याच गुणाचा वापर करून शरीर स्वतःवरच उलटते ते आजार आवरता येतील, अशी मोठी आशा १९९० च्या दशकात निर्माण झाली होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना मज्जातंतूंच्या आवरणातील मायलिन, तर संधिवाताच्या रुग्णांना कोंबडीचे कोलॅजेन तोंडावाटे देण्यात आले. उंदरांमध्ये यश मिळालेले हे उपाय माणसांवरील मोठ्या चाचण्यांत मात्र टिकले नाहीत. मधुमेहाचा धोका असलेल्या नातलगांना इन्सुलिनच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. २०१७ च्या निष्कर्षांनुसार त्यांनीही आजार एकंदरीत रोखला नाही. आधीच पेटलेली यंत्रणा विझवणे, हे ती पेटू न देण्याहून कितीतरी अवघड असते.

पेटू न देण्याचा पुरावा लंडनमधून आला. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट असल्याचे गिडियन लॅक व सहकाऱ्यांना २००८ मध्ये आढळले. इस्रायली बाळे शेंगदाण्याचा खाऊ तान्हेपणापासूनच चघळत होती. ब्रिटनमध्ये तो टाळण्याचा सल्ला दिला जात होता! मग ४ ते ११ महिन्यांच्या, इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार, शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांपैकी अवघ्या ३.२ टक्क्यांना. आयांना बजावलेली खबरदारीच उलटी ठरली म्हणायची.

संशोधकांचा तर्क असा, की इसबाने फाटलेल्या त्वचेतून शिरलेला शेंगदाण्याचा कण शरीराला वैरी वाटतो, आणि पोटातून आलेला ओळखीचा. कोणती वाट आधी उघडते, यावर पुढचे अवलंबून असते.

अर्थात, अख्खा दाणा तान्ह्या बाळाच्या घशात अडकू शकतो; त्यामुळे मऊ, पातळ केलेल्या स्वरूपातच तो द्यायचा असतो. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी हवी. ज्याला ॲलर्जी जडलीच आहे, त्याच्यावर हा प्रयोग घरी करणे प्राणावर बेतू शकते. अशा मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून शेंगदाण्याची पूड देतात. तेथे मिळणारी सहनशीलता मात्र बऱ्याचदा मात्रा चालू असेपर्यंतच टिकते.