गालावरचे पांढरे चट्टे, कॅल्शियमची गोळी आणि मुलांचं ताट



थंडी पडली की पहिली-दुसरीच्या वर्गात एक गोष्ट हमखास दिसते. दोन-चार मुलांच्या गालांवर फिकट पांढरे, थोडे खरखरीत चट्टे उठतात. घरी कुणीतरी म्हणतं, "कॅल्शियम कमी झालंय." कुणी म्हणतं, "पोटात जंत झालेत." मग मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या नाहीतर टॉनिकची बाटली येते. शेजारी बसणाऱ्या मुलाला मात्र घरून ताकीद मिळते, "त्याच्याजवळ बसू नको." माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं आणि नोकरी सातारा जिल्ह्यात. दोन्हीकडे हेच ऐकायला मिळतं. म्हणून आज मुलांची त्वचा, आहार आणि पूरक गोळ्या यांबद्दल सविस्तर पाहू.

पांढरे चट्टे म्हणजे काय?

गालावरच्या अशा फिकट चट्ट्यांना डॉक्टर पिटिरियासिस अल्बा म्हणतात. साधारण ३ ते १६ वर्षांच्या मुलांत ते दिसतात. कोरड्या त्वचेचा हा एक सौम्य प्रकार आहे. सावळ्या रंगावर आणि उन्हात फिरल्यावर ते जास्त उठून दिसतात. कॅल्शियमच्या कमतरतेमुळे ते होत नाहीत, त्यामुळे कॅल्शियमच्या गोळीने जातही नाहीत. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. सौम्य साबण, आंघोळीनंतर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली आणि थोडा धीर एवढं बहुतेकदा पुरतं. काही महिन्यांत चट्टे आपोआप मिटतात. म्हणूनच ज्या गोळ्या चालू असतात, त्यांना फुकटचं श्रेय मिळतं!

पण प्रत्येक चट्टा असाच असतो असं नाही. दुधासारखा पांढराशुभ्र आणि स्पष्ट कडा असलेला डाग कोडाचा असू शकतो. कोडही संसर्गजन्य नाही, पण उपचार लवकर सुरू झालेले बरे. गोल, कडेला लालसर, खाजणारा चट्टा म्हणजे गजकर्ण असू शकतं. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ येतं आणि घरात इतरांनाही खाजतं, तेव्हा खरजेचा संशय घ्यावा. गजकर्ण आणि खरूज पालेभाजी खाऊन बरी होत नाही, औषधच लागतं. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, बधिरपणा असेल, तर एक दिवसही न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. अशा वेळी महिनाभर टॉनिक पाजत बसणं मुलाला महागात पडतं.

मग आहाराचा आणि त्वचेचा संबंध कुठे येतो?

संबंध नक्की आहे. त्वचा प्रथिनांपासून बनते आणि तिचा वरचा थर साधारण महिन्या-सव्वा महिन्यात नवा होतो. त्यासाठी लागणारा माल ताटातूनच येतो. तो कमी पडला की त्वचा काही खुणा दाखवते. वर्गात सहज दिसतील अशा काही खुणा पाहा.

ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडणं, जीभ लाल होणं : यामागे बऱ्याचदा 'ब' गटातल्या जीवनसत्त्वांची, विशेषतः रायबोफ्लेविनची (ब-२) किंवा लोहाची कमतरता असते. दूध, दही, ताक, अंडी, मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाज्या कामी येतात.

कोपरं, गुडघे, मांड्या यांवर काट्यासारखे खरखरीत पुरळ : 'अ' आणि 'ब' जीवनसत्त्वं तसंच आवश्यक स्निग्धाम्लं यांच्या कमतरतेशी याचा संबंध जोडला जातो. शेवग्याचा पाला, मेथी, चाकवत, गाजर, भोपळा, पपई यांतून 'अ' जीवनसत्त्व मिळतं, पण ते अंगी लागायला थोडं तेल लागतं. आपल्याकडच्या कारळ्याच्या आणि जवसाच्या चटण्या, करडईचं तेल यांतून ती स्निग्धाम्लं मिळतात.

फिकट चेहरा, फिकट नखं, धाप लागणं : हे रक्तक्षयाचं, म्हणजे ॲनिमियाचं लक्षण असू शकतं. वरून क्रीम लावून उपयोग नाही, हिमोग्लोबिन तपासायला हवं.

हिरड्यांतून रक्त येणं, जखम लवकर न भरणं : इथे 'क' जीवनसत्त्वाचा विचार करावा. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन तयार व्हायला ते लागतं. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि प्राथमिक शाळेतल्या मुलाची दिवसाची गरज ५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे अर्धा पेरूसुद्धा पुरतो. आवळा, लिंबू, हंगामात महाबळेश्वर-वाईकडची स्ट्रॉबेरी, सगळं चालतं. स्ट्रॉबेरी परवडली नाही तर काही बिघडत नाही, पेरू तिच्यापेक्षा सरस आहे.

भाकरीबरोबर चटणी का?

आपल्या माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात ज्वारी-बाजरीची भाकरी हेच मुख्य अन्न. ज्वारीबद्दल एक जुनं संशोधन शिक्षकांना माहीत असावं. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा आजार आढळत होता. यात हात, पाय, मान असे उन्हात उघडे राहणारे भाग काळे पडतात, त्वचा सोलते. जुलाब होतात, मनावरही परिणाम होतो. हा आजार नायसिन (ब-३) कमी पडल्याने होतो. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं, की ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं.

याचा अर्थ ज्वारी वाईट असा मुळीच नाही. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं, त्यांचं हे दुखणं होतं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, पिठलं, घेवड्याची किंवा मटकीची उसळ, वाटीभर ताक आलं की ती उणीव भरून निघते. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. आपल्या आज्यांना नायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण भाकरीवर चटणीचा गोळा त्या ठेवतच होत्या.

ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावरून आपल्या शाळांत येणाऱ्या मुलांकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यायला हवं. आई-वडील पहाटेच फडावर जातात आणि डब्यात कधीकधी नुसती भाकरी आणि मिरची असते. अशा मुलाची त्वचा उलली असेल तर तिथे क्रीमपेक्षा आधी शालेय पोषण आहारातली आमटी आणि उसळ पोटभर मिळणं महत्त्वाचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. खाली बसलेली डाळही वाढताना ताटात पडते ना, हे आपणच बघायचं.

पूरक गोळ्या : कोणत्या खऱ्या गरजेच्या?

शाळा-अंगणवाडीतून मिळणारी पूरकं कारणाशिवाय दिलेली नाहीत. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी मिळते, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. मोठ्या मुला-मुलींसाठी निळी गोळी असते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह. ही जेवल्यावर द्यावी, लगेच चहा देऊ नये. शौचाला काळसर झालं तर पालकांनी घाबरू नये. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस असतात आणि जंतनाशक गोळीही ठरल्या वेळी मिळते. मुलाने ही गोळी चुकवली का, हे आधी विचारा, मेडिकलची पायरी नंतर चढा.

"त्वचा उजळ, केस दाट" म्हणून विकली जाणारी गमी, पावडरी, बायोटिनच्या गोळ्या यांची गोष्ट वेगळी. बायोटिनची कमतरता निरोगी मुलांत फार क्वचित असते. उलट त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तर शरीरात साठतं आणि त्वचा कोरडी पडून सोलते, डोकं दुखतं. ज्यासाठी घेतलं त्याच्या नेमकं उलट! सांगलीची हळद जगात नावाजलेली आहे, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ती रोजच्या फोडणीत हवीच, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या मुलांना स्वतःहून देऊ नयेत. आणि कोणतीही गोळी रंग गोरा करत नाही. सावळी त्वचा हा आजार नाही, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

डबा विकत घेतलाच तर त्यावरचा मजकूर वाचा. पूरक आहार हा कायद्याने अन्नपदार्थ आहे, औषध नव्हे. त्यावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असतो आणि औषध म्हणून वापरासाठी नाही, असंही छापलेलं असतं. दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा ती बारीक ओळ खरी.

वर्गात काय करता येईल?

तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यासात आहाराचा भाग आहेच. त्याला जोडून आठवडाभर एक तक्ता भरून घ्या. रकाने पाचच ठेवा : भाकरी-चपाती-भात, डाळ-उसळ-अंडं, पालेभाजी, फळ, दूध-दही-ताक. मुलांनी खाल्लेल्या गोष्टींपुढे फक्त खूण करायची. ताटात काय होतं यावरून कुणाला हसायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. तक्ता भिंतीवर लावू नका, तुमच्याजवळच ठेवा. शनिवारी कोणता रकाना रिकामा राहिला ते तुम्हालाच दिसेल. पालकसभेत आईला "त्वचेसाठी काय देऊ?" असा प्रश्न पडला, तर तिच्या मुलाच्या त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवा आणि घरात, परड्यात किंवा आठवडी बाजारात स्वस्तात मिळेल अशी एकच गोष्ट सुचवा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. फरक पडला नाही, किंवा चट्टा वाढला, खाजला, बधिर झाला, तर ताटाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.