बसून बघा, मग घ्या

आरामखुर्ची विकत घेताना दुकानातच तिच्यात चांगली दहा मिनिटं बसावं. पाय ताणून, पाठ टेकून, हातात वर्तमानपत्र घेऊन. आणि मग कुणाचाही हात न धरता उठून पाहावं. बंगल्याच्या व्हरांड्यात जिची जागा ठरलेली असे ती लांब हातांची, वेताच्या बैठकीची खुर्ची इतकी देखणी असते, की तिच्यातून उठायचं कसं हे बाजारात कुणाच्या मनातच येत नाही. तिची बैठक खोल आणि मागे उतरती. उन्हातान्हातून आलेल्या माणसाने पाय वर टाकून पडावं, यासाठीच ती घडवलेली. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील आणि त्यांच्यासाठी ती घेणार असाल, तर घेऊ नका. त्यांना सतरा-अठरा इंच उंचीची, ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची लागते. तशाही जुन्या खुर्च्या मिळतात, फक्त त्या फोटोत उठून दिसत नाहीत.

जुन्या फर्निचरचं दुकान शोधण्याआधी घरातली माणसं पाहावीत, असं मला मनापासून वाटतं. कोण पडून वाचतं, कोण टेबलाशी बसून? जेवायला रोज किती जण असतात? कुणाला प्रत्येक कागद जपून ठेवायची सवय आहे? भाड्याच्या घरात राहता का, आणि दर दोन-तीन वर्षांनी सामान हलवावं लागतं का? आपला स्वभाव फर्निचरमध्ये उमटावा असं सगळ्यांनाच वाटतं, पण तो रंग-नक्षीपेक्षा या सवयींमध्येच जास्त असतो. जी वस्तू रोज वापरात येणार नाही ती कितीही जुनी, कितीही सुंदर असली तरी वर्षभरात तिच्यावर इस्त्रीचे कपडे साचायला लागतात.

मराठी घरात मुळात फर्निचर थोडंच असे. पाट, चौरंग, लोड-तक्के, एखादी संदूक, भिंतीतलं फडताळ आणि कोकणात ओटीवर किंवा माजघरात झोपाळा. उंच टेबलं, खुर्च्या, चार खांबांचे पलंग हे आपल्याकडे मुख्यतः पोर्तुगीज आणि इंग्रज वळणाने रुजले. गोव्यात चांदरला ब्रागांझांचं घर पाहिलं, तर ते फर्निचर कसल्या जागेसाठी होतं हे लगेच कळतं: लांबच लांब दालनं, उंच छत, मोठ्या खिडक्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेल्या शिसवी फर्निचरचंही तेच. पानं, वेली, पक्षी, जाळी, एक इंचही मोकळा नाही. त्या कारागिरीसमोर मी कितीही वेळ उभी राहू शकते. पण त्या नक्षीतली धूळ रोज ब्रशने काढावी लागते, आणि नऊ फुटांच्या छताखाली त्या फर्निचरचा अख्खा संच श्वास कोंडतो. असलं काही घ्यायचंच असेल तर एकच घ्यावं, एखादी खुर्ची किंवा छोटं टेबल, आणि त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी ठेवावी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वाड्याकडे पाहण्याआधी मरीन ड्राइव्हकडे पाहावं. पॅरिसमध्ये १९२५ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर आर्ट डेको शैली जगभर गेली, आणि १९३०-४० च्या दशकांत मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला, मरीन ड्राइव्हवर तशा इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने या भागातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. इमारतींचं कौतुक झालं, त्यांच्या आतल्या फर्निचरचं मात्र तितकंसं नाही. गोलसर कोपरे, पायऱ्यापायऱ्यांची कड, कपाटाच्या दाराला आतून आरसा, नक्षी जवळपास नाहीच. हे फर्निचर फ्लॅटसाठीच बनलेलं होतं. म्हणून ते आजच्या फ्लॅटमध्येही सहज सामावतं, आणि ज्यांना पसारा सहन होत नाही अशा माणसांना ते फार लवकर आपलंसं वाटतं.

इराणी हॉटेलातली काळी, गोल बैठकीची खुर्ची हा माझा आवडता दाखला. तिच्या घराण्याची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट यांची, १८५९ सालची, क्रमांक १४. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या मावत, त्यामुळे ती जहाजातून जगभर पोचली. एका हाताने उचलता येते आणि पाहुणे वाढले की आतल्या खोलीतून आणता येते. वारंवार घर बदलणाऱ्याला हिच्याइतकी सोयीची जुनी वस्तू दुसरी नाही. वेताची बैठक फाटली असेल तर घाबरू नये, वेत पुन्हा विणता येतो. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं अंध कारागिरांनी केलं आहे, अंधांच्या संस्थांमध्ये ते शिकवलं जात आलं आहे.

आता बाजार. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार आणि ओशिवरा, पुण्यात जुना बाजार. ओशिवऱ्यात दिसणारं बरंच फर्निचर जुन्या लाकडाचं असतं, पण घडवलेलं नवीन असतं. पाडलेल्या वाड्या-चाळींच्या तुळया आणि दारांचं सागवान कापून ते केलेलं. त्यात वाईट काही नाही, उलट ते लाकूड मुरलेलं असतं. फक्त त्याची किंमत शंभर वर्षं जुन्या टेबलाची देऊ नये.

फरक ओळखायला ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. समोरची फळी आणि बाजूची फळी जिथे एकमेकींत अडकतात तिथले दाते पाहावेत. हाताने कापलेले दाते थोडे कमीजास्त असतात, यंत्राचे सगळे सारखे. तळाच्या फळीवरून बोटं फिरवली तर रंध्याच्या उथळ लाटा लागतात, कारण न दिसणारी बाजू कोणी घासत बसत नसे. मागच्या फळ्यांना पॉलिश नसावं, त्या नुसत्या काळवंडलेल्या असाव्यात. फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा, मग दुकानदाराला विचारावं की हा नंतर बसवला का. गोल टेबल असेल तर टेप दोन्ही दिशांनी लावून बघावी. लाकूड आडव्या अंगाने आक्रसतं, त्यामुळे खरोखर जुनं गोल टेबल किंचित लांबट झालेलं असतं. लाकडाला बारीक भोकं असली तर वस्तूखाली काळा कागद पसरून लाकडावर टिचक्या माराव्यात. ताजी पिवळसर भुकटी पडली तर किडा आत जिवंत आहे. भोकं जुनी आणि कोरडी असली तर चिंता नाही.

पॉलिशबाबत मी हट्टी आहे. जुन्या वस्तूवर लाखेचं पॉलिश असतं. दुकानदार ते खरवडून वर चकचकीत मेलामाइन किंवा पीयू मारतात, आणि वस्तूचं सगळं वय पुसलं जातं. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवून पाहा. चिकट झालं तर लाख आहे. तिच्यावरचा ओरखडा तेवढ्यापुरता बुजवता येतो, चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळही बऱ्याचदा निघतं. पॉलिशवाल्याला आधीच सांगावं: घासून कोरं करायचं नाही, फक्त साफ करून लाखेचे हात द्यायचे.

परदेशी असलेली मुलं आजीची शिसवी पेटी घेऊन जायची म्हणतात, त्यांनी कायदा आधी पाहावा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शिवाय शिसवीची सगळी कुळी २०१७ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, तेव्हा लाकडाच्या परवानगीचीही चौकशी करावी.

आणि पैसे देण्याआधी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि आपल्या दाराची चौकट मोजून ठेवावी. कपाटाचे भाग सुटे होतात का, हेही विचारावं. घरी आणल्यावर ते भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ठेवावं, म्हणजे पावसाळ्यात मागून हवा खेळते. जुलैत ड्रॉवर अडायला लागला तर लगेच रंधा मारून घेऊ नये, कडेला मेणबत्ती घासावी. दिवाळीपर्यंत लाकूड सुकतं आणि ड्रॉवर आपोआप सैल होतो.